पत्त्यांच्या कारखान्यात मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसानं गेमबॉय बनवला आणि रंगीत स्क्रीनवाल्यांना घाम फोडला

नव्वदच्या दशकात ज्यांचं लहानपण गेलं, त्यांना ही वस्तू वेगळी सांगायला नको. जत्रेत, एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर, नाहीतर मुंबईहून आलेल्या मामाच्या बॅगेत सापडणारा तो प्लास्टिकचा व्हिडिओ गेम. वर लिहिलेलं असायचं ९९९९ इन १. आत गेम निघायचे मोजून दहाबारा आणि त्यातलाही सगळे खेळायचे तो एकच, वरून पडणाऱ्या विटा रचायचा. स्क्रीन कॅल्क्युलेटरसारखी, रंगाचा पत्ता नाही, पण पेन्सिल सेल टाकले की बरेच दिवस बघायला नको.

तो गेम कुठल्यातरी चिनी कारखान्यातून यायचा, त्याला ना धड नाव ना कंपनी. पण कॅल्क्युलेटरची स्वस्त स्क्रीन घ्यायची, सेल कमी खाईल असं बघायचं, किंमत पोरांच्या आवाक्यात ठेवायची आणि खिशात मावेल असा गेम करायचा, हे गणित जगभर रुजवलं ते जपानमधल्या एका माणसानं. त्याचं नाव गुनपेई योकोई.

योकोईचा जन्म १० सप्टेंबर १९४१ चा, गाव क्योतो. तिथल्याच दोशिशा विद्यापीठातून त्यानं इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण घेतलं. आता इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या जपानी पोरानं जायचं कुठं, तर एखाद्या मोठ्या टीव्ही-रेडिओच्या कंपनीत. योकोईला १९६५ मध्ये नोकरी मिळाली ती गावातल्याच निन्टेंडोमध्ये.

निन्टेंडो म्हटलं की आज मारिओ आठवतो. तेव्हाची निन्टेंडो मात्र पत्ते छापायची. १८८९ मध्ये सुरू झालेली ही कंपनी हनाफुदा नावाचे फुलांची चित्रं असलेले जपानी पत्ते बनवायची. कंपनी चालवायचा संस्थापकाचा पणतू हिरोशी यामाउची. पत्त्यांच्या धंद्यात आता पुढं काही नाही हे या गड्यानं ओळखलं होतं. त्यानं टॅक्सी चालवून बघितली, गरम पाणी ओतलं की तयार होणारा भात विकून बघितला. काहीच जमेना.

अशा कंपनीत योकोईचं काम काय, तर पत्ते बनवणारी मशिनं नीट चालतात का ते बघायचं. मशिनं नीट चालायची, त्यामुळं योकोईला दिवसभर काम नसायचं. मग बसल्या बसल्या त्यानं एक खेळणं केलं. कात्रीसारख्या जोडलेल्या पट्ट्या, हातातली मूठ दाबली की पट्ट्या ताणून लांब जायच्या आणि पुढची वस्तू पकडायच्या. टाइमपास, दुसरं काही नाही.

हे मालकानं बघितलं.

थोड्या वेळानं केबिनमधून बोलावणं आलं. कामाच्या वेळेत खेळणी करत बसल्याबद्दल आता आपली हजेरी घेतली जाणार असं योकोई धरूनच चालला होता. यामाउचीनं त्याला सांगितलं की या वस्तूचं विकता येईल असं खेळणं करून आण. योकोईनं पट्ट्यांच्या हातासोबत पकडायला रंगीत चेंडू दिले आणि १९६६ च्या अखेरीला अल्ट्रा हँड बाजारात आला. दहा लाखांच्या वर नग खपले. मशीन दुरुस्तीवाला थेट नवी खेळणी काढणारा माणूस झाला.

पुढची काही वर्षं योकोईनं एकामागून एक खेळणी काढली. घरात चेंडू फेकणारं मशीन, भिंतीपलीकडचं बघायचा पेरिस्कोप. त्यातलं १९६९ चं लव्ह टेस्टर तर भारी आहे. दोघांनी एकमेकांचा हात धरायचा, मोकळ्या हातात एकेक धातूचा गोळा पकडायचा, शरीरातून जाणारा बारीकसा करंट मशीन मोजणार आणि काटा दोघांचं प्रेम किती ते सांगणार. विज्ञान म्हणाल तर शाळेच्या प्रयोगातलं. पण त्या काळच्या जपानमध्ये पोरीचा हात धरायला निमित्त लागायचं. योकोईनं नंतर मोकळेपणानं सांगून टाकलं की मशीन त्यासाठीच होतं.

रिमोटवर चालणारी गाडी तेव्हा सामान्य घराला परवडायची नाही. योकोईनं १९७२ मध्ये लेफ्टी आरएक्स नावाची गाडी काढली. ती फक्त डावीकडं वळायची. उजवीकडं वळण्याची यंत्रणाच काढून टाकल्यामुळं ती स्वस्त झाली. रेसचा ट्रॅक गोल असेल तर गाडीला उजवीकडं वळायची गरजच काय? योकोईचं सगळं डोकं या एका गाडीत दिसतं.

या पद्धतीला त्यानं पुढं नावही दिलं. जपानीत त्याचा अर्थ साधारण असा होतो की सुकून गेलेल्या तंत्रज्ञानाचा आडवा विचार. सुकलेलं म्हणजे टाकाऊ नव्हे. जे तंत्रज्ञान जुनं झालंय, ज्याच्या खोडी सगळ्यांना कळल्यात, जे ढिगानं तयार होतंय आणि म्हणून स्वस्त झालंय, ते उचलायचं आणि कुणी कधी वापरलं नाही अशा ठिकाणी वापरायचं.

१९७३ मध्ये निन्टेंडोचं दिवाळं निघायची वेळ आली होती. लेझरच्या बंदुकीनं नेम धरायचे मोठे हॉल कंपनीनं उभे केले आणि त्याच वर्षी तेलाचं संकट आलं. ऑर्डरी रद्द झाल्या, डोक्यावर कर्ज राहिलं. पुढची काही वर्षं कंपनी ते कर्जच वाहत होती.

कट टू सत्तरच्या दशकाचा शेवट. योकोई बुलेट ट्रेननं चालला होता. समोर ऑफिसला जाणारा एक माणूस कंटाळून कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसला होता. योकोईच्या डोक्यात आलं की या माणसाला वेळ घालवायला एखादा बारका गेम मिळाला तर? तोही असा की मांडीवर धरून दोन अंगठ्यांनी खेळता येईल आणि शेजारच्याला वाटेल हा काहीतरी हिशोब करतोय. मोठ्या माणसानं चारचौघांत खेळणं काढायचं म्हणजे लाज वाटणारच, हे त्यानं आधीच धरलं होतं.

पुढचा किस्सा आणखी भारी आहे. यामाउचीला ओसाकाला एका मीटिंगला जायचं होतं आणि त्याचा ड्रायव्हर नव्हता. गाडी डाव्या स्टिअरिंगची कॅडिलॅक, जपानात सगळ्यांचं स्टिअरिंग उजवीकडं. अशी गाडी चालवायची सवय योकोईला होती, त्यामुळं त्याला ड्रायव्हर म्हणून पाठवलं. योकोईला हे काम काही फार आवडलं नाही, पण निघालोच आहोत तर काहीतरी बोलू म्हणून त्यानं वाटेत कॅल्क्युलेटरएवढ्या गेमची कल्पना सांगितली. यामाउची हूं हूं करत ऐकत राहिला. योकोईला वाटलं विषय संपला.

त्या मीटिंगमध्ये यामाउचीच्या शेजारी बसला होता शार्प कंपनीचा प्रमुख. शार्प आणि कॅसिओ यांच्यात कॅल्क्युलेटरवरून कित्येक वर्षं मारामारी चालली होती. किमती कोसळल्या होत्या, एलसीडी स्क्रीन मुबलक झाल्या होत्या आणि आता त्या खपवायच्या कुठं हा शार्पपुढचा प्रश्न होता. आठवडाभरात शार्पची माणसं निन्टेंडोच्या दारात.

२८ एप्रिल १९८० ला पहिला गेम अँड वॉच आला. नाव बॉल. एक माणूस हातांनी चेंडू झेलतोय, एवढाच खेळ. या गेमची स्क्रीन कॅल्क्युलेटरसारखीच चालायची. कॅल्क्युलेटरमध्ये जसे आकड्यांचे तुकडे काचेत आधीच कोरलेले असतात आणि लागेल तो तुकडा काळा होतो, तसेच इथं माणसाच्या हाताच्या आणि चेंडूच्या सगळ्या जागा आधीच ठरलेल्या. चिप फक्त त्या चालू-बंद करायची. चिपही कॅल्क्युलेटरच्याच जातीची, त्यामुळं वेळ दाखवणं तिला सहज जमायचं. म्हणून गेमसोबत घड्याळ फुकट. सेलही घड्याळातले, बटणाएवढे.

पुढच्या दहाबारा वर्षांत असे ६० वेगवेगळे गेम आले आणि जगभरात ४ कोटी ३४ लाख नग विकले गेले. निन्टेंडोचं कर्ज फिटलं.

१९८२ मध्ये डाँकी काँग या गेमची घडीची, दोन स्क्रीनवाली आवृत्ती करायची होती. मूळचा डाँकी काँग शिगेरू मियामोतोनं योकोईच्या देखरेखीखाली केलेला, दुकानांमधल्या मोठ्या मशीनचा. त्यात दांडा धरून माणूस चार दिशांना हलवता यायचा. खिशातल्या गेमला दांडा लावला तर तो मिटणार कसा? योकोईनं अधिकच्या चिन्हासारखं एक चपटं बटण बसवलं. मधोमध टेकू, चार बाजूंना चार दिशा. अंगठा ठेवला की न बघता कळतं आपण कुठं आहोत. निन्टेंडोच्या पुढच्या मशिनांत ते कायम राहिलं आणि आज जवळपास प्रत्येक गेमच्या रिमोटवर त्याचा एखादा भाऊबंद सापडतो. प्लेस्टेशनवर पोरं फिफा खेळत असतात तेव्हा मेनूत खालीवर जाताना अंगठा बहुतेक वेळा योकोईच्याच कल्पनेवर असतो.

१९८३ मध्ये निन्टेंडोनं घरच्या टीव्हीला जोडायचं फॅमिकॉम काढलं. ते मशीन योकोईचं नव्हे, त्याच्याच जुन्या सहकाऱ्याचं, मासायुकी उएमुराचं. योकोईच्या विभागानं त्यासाठी मेट्रॉइड आणि किड इकारससारखे गेम केले. पण योकोईचं मन खिशातल्या गेममध्येच होतं. गेम अँड वॉचची अडचण सरळ होती. एका मशीनमध्ये एकच गेम, कंटाळा आला की नवीन मशीन घ्या. पुढची पायरी म्हणजे कॅसेट बदलता येईल असा हातातला गेम.

इथं एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण इंटरनेटवरच्या बहुतेक गोष्टींत ती गाळली जाते. गेमबॉय एकट्या योकोईचा नाही. योकोईच्या मनात होतं ते गेम अँड वॉचचं थोडं मोठं भावंड, साधं आणि खेळण्यासारखं. त्याच्या हाताखालचा इंजिनिअर सातोरू ओकादा मात्र हट्टाला पेटला होता. त्याला हवं होतं खिशातलं फॅमिकॉम, ज्यासाठी बाहेरच्या कंपन्याही वर्षानुवर्षं गेम लिहितील असं खरंखुरं मशीन. दोघांत जोरदार वाजलं. शेवटी योकोईनं ओकादाला त्याच्या मनासारखं करू दिलं. साहेबानं हाताखालच्या माणसापुढं पडतं घ्यायचं, तेही जपानी कंपनीत आणि तेही आपल्याच कल्पनेवरून. योकोईच्या मोठेपणाच्या गोष्टींत ही गोष्ट अल्ट्रा हँडच्या वर ठेवावी लागेल. त्याची हुबेहूब पहिली कल्पना बाजारात आली असती तर दोनचार वर्षांत विसरली गेली असती, अशीच शक्यता जास्त.

एका मुद्द्यावर मात्र योकोई हलला नाही. स्क्रीन रंगीत नको आणि स्क्रीनमागं दिवा नको.

त्या स्क्रीननंच पुढं त्याचा जीव खाल्ला. सुरुवातीच्या नमुन्यात चित्र ठरावीक कोनातूनच दिसायचं, मान जरा हलली की गायब. यामाउचीनं ते बघितलं आणि हे दिसत नाही म्हणून सरळ नाकारलं. योकोईची झोप उडाली. शेवटी वेगळ्या प्रकारची एलसीडी वापरून मार्ग निघाला. आडवे १६०, उभे १४४ ठिपके आणि हिरवट पाटीवर चार छटा, एवढ्यावर सगळं भागवायचं होतं.

२१ एप्रिल १९८९ ला जपानमध्ये गेमबॉय आला. किंमत १२,५०० येन. पहिले तीन लाख नग दोन आठवड्यांत उडाले. जुलैच्या अखेरीला अमेरिकेत आला, किंमत जवळपास ९० डॉलर.

आणि बरोबर त्याच काळात समोर मैदानात उतरले खरे पैलवान.

पहिला अटारी लिंक्स. अमिगा या गाजलेल्या कॉम्प्युटरवर काम केलेल्या दोन इंजिनिअरांनी एपिक्स कंपनीत तो बनवला, अटारीनं विकायला घेतला. सप्टेंबर १९८९, म्हणजे गेमबॉयनंतर महिना-दीड महिन्यात तो अमेरिकेत आला. स्क्रीन रंगीत, मागून उजेड, ४०९६ रंगांमधले १६ रंग एका वेळी. चित्र लहान-मोठं करायचं काम चिप स्वतः करायची, त्यामुळं ब्लू लाइटनिंग या गेममध्ये विमान डोंगरावरून झेपावत जायचं तेव्हा डोळे विस्फारायचे. डावखुऱ्या माणसानं मशीन उलटं धरलं तरी चालायचं. सोबत मिळायचा कॅलिफोर्निया गेम्स, समुद्राच्या लाटेवर सर्फिंग करायचा, झगमगीत. गेमबॉय त्याच्या शेजारी ठेवला तर सोनी टीव्हीशेजारी पाटी-पेन्सिल ठेवल्यासारखा दिसायचा.

दुसरा सेगाचा गेम गिअर, जपानमध्ये ऑक्टोबर १९९० ला, अमेरिकेत १९९१ मध्ये. हाही रंगीत, हाही उजेडाचा. आतली रचना सेगाच्या घरच्या मशीनसारखीच असल्यामुळं तिकडचे गेम इकडं आणणं सोपं. कॉलम्स, सुपर मोनॅको जीपी आणि थोड्याच दिवसांत सॉनिक. सेगानं अमेरिकेत जाहिराती केल्या त्या थेट गेमबॉयच्या बेरंगीपणाची टर उडवणाऱ्या.

तिसरा एनईसीचा टर्बोएक्सप्रेस. घरच्या मशीनची कार्डं जशीच्या तशी याच्यात घालायची आणि चालत्या गाडीत खेळायचं. १९९० मध्ये तीसुद्धा जादूच. किंमत २५० डॉलर, म्हणजे अडीच गेमबॉयपेक्षा जास्त.

कागदावर बघितलं तर गेमबॉयनं पहिल्याच वर्षी झोपायला हवं होतं. मग झालं काय?

सेलचा हिशोब करून बघा. लिंक्समध्ये सहा पेन्सिल सेल लागायचे आणि ते चारपाच तासांत बसायचे. गेम गिअरचंही तेच. कारण स्क्रीनमागं उजेडासाठी चक्क बारकी ट्यूबलाइट होती आणि बहुतेक सेल तीच खायची. गेमबॉयमध्ये चार सेल, आणि ते सरासरी १५ तास जायचे असं धरलं तरी ३० तास खेळायला आठ सेल पुरले. तेच ३० तास लिंक्सवर, चार तासाला सहा सेल या हिशोबानं, म्हणजे ४५ सेल. पोराचा खाऊचा पैसा आणि बापाची सहनशक्ती दोन्ही त्याआधी संपायचं. चार्जिंगचा अडॅप्टर भिंतीला लावून खेळायचं तर मग खिशातला गेम कशाला घेतला?

किमतीतही तोच प्रकार. लिंक्स जवळपास १८० डॉलरला, म्हणजे एका लिंक्सच्या पैशात दोन गेमबॉय. आणि दोन गेमबॉय वायरनं जोडून समोरासमोर खेळता यायचे, त्यामुळं वर्गात एकाकडं असला की दुसऱ्याला हवा व्हायचा. लिंक्सलाही मशिनं जोडायची सोय होती, उलट तिथं जास्त जण खेळू शकायचे. पण जोडायला समोरच्याकडं लिंक्स तर पाहिजे.

तिसरी गोष्ट म्हणजे टेट्रिस. मॉस्कोतल्या अलेक्सी पाजित्नोवनं १९८४ मध्ये केलेला हा गेम. त्याचे हातातल्या मशीनसाठीचे हक्क मिळवायला हेंक रॉजर्स १९८९ च्या फेब्रुवारीत थेट मॉस्कोला जाऊन धडकला. त्यानं निन्टेंडोच्या अमेरिकेतल्या साहेबाला, मिनोरू अराकावाला पटवलं की मारिओ दिलात तर लहान पोरं घेतील, टेट्रिस दिलात तर सगळेच घेतील. अमेरिकेत टेट्रिस गेमबॉयच्या खोक्यातच आला.

गेमबॉयची स्क्रीन वाईटच होती. अंधारात दिसायची नाही आणि काही जोरात पळालं की मागं सावली ओढत जायचं. मारिओ लँडमध्ये मारिओ एवढासा करावा लागला तो काही हौसेनं नाही. मात्र टेट्रिसमध्ये काय असतं, तर एक वीट सावकाश खाली येते. ना पळापळ, ना रंगांची गरज. त्या स्क्रीनच्या सगळ्या खोडी झाकणारा गेम जगात कुठला असेल तर तो हाच होता, आणि तो नेमका याच मशीनला मिळाला. एकट्या टेट्रिसच्या साडेतीन कोटींच्या आसपास कॅसेट गेल्या, मारिओ लँडच्या १ कोटी ८१ लाख. लिंक्सच्या झेपावणाऱ्या विमानाचं नाव आज जुने शौकीन सोडले तर कुणाला आठवत नाही.

अर्थात सगळं श्रेय सेलला आणि टेट्रिसला देणंही बरोबर नाही. त्या काळात अमेरिकेतल्या खेळण्यांच्या दुकानांवर आणि गेम लिहिणाऱ्या कंपन्यांवर निन्टेंडोची पकड जबरदस्त होती. लिंक्सला गेमच मिळेनात. योकोईचं डोकं आणि निन्टेंडोचं मनगट, दोन्ही एका बाजूला होते.

या लढाईतला एक किस्सा योकोई स्वतः सांगायचा. प्रतिस्पर्ध्याचं मशीन येतंय ही बातमी घेऊन त्याची माणसं उतरलेल्या चेहऱ्यानं त्याच्याकडं आली. त्यानं एवढंच विचारलं की ते रंगीत आहे का काळं-पांढरं. रंगीत आहे म्हटल्यावर गडी निवांत झाला. रंगीत आहे म्हणजे सेल खाणार, हे त्याला तिथंच कळलं होतं.

गेम गिअर एक कोटीच्या पुढं गेला, हरणाऱ्याच्या मानानं चांगलाच. गेमबॉय आणि त्याचा नंतरचा रंगीत अवतार मिळून ११ कोटी ८६ लाखांवर गेले. १९९३ मध्ये रशियन अंतराळवीर अलेक्सांद्र सेरेब्रोव तर टेट्रिससह गेमबॉय घेऊन मीर अंतराळ स्थानकावर गेला. आखाती युद्धात जळून वितळलेला एक गेमबॉय न्यूयॉर्कमधल्या निन्टेंडोच्या दुकानात कित्येक वर्षं काचेत ठेवला होता, टेट्रिस चालू.

एवढं झाल्यावर योकोईनं निवृत्त व्हायला हरकत नव्हती. पण त्याला आणखी एक कल्पना सुचली होती.

बोस्टनकडच्या एका कंपनीनं लाल दिव्यांची एक रांग आणि वेगानं हलणारा आरसा वापरून हवेत चित्र उभं केल्याचा भास निर्माण केला होता. योकोईला त्यात सुकलेलं तंत्रज्ञान दिसलं. लाल एलईडी स्वस्त, वीज कमी खाणारे. निळे-हिरवे तेव्हा महाग, म्हणून चित्र फक्त लाल आणि काळं. दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दाखवली की खोली दिसते. टीव्हीवरच्या गेमचा रंग, वेग, तपशील यांच्या स्पर्धेतून बाहेर पडायचा हा रस्ता आहे असं त्याला वाटत होतं.

मशीनचं नाव व्हर्च्युअल बॉय. डोक्याला लावायचा चष्मा करायचा बेत होता, तो मागं पडला. शेवटी जे तयार झालं ते टेबलावर दोन पायांवर उभं राहणारं धूड, ज्यात वाकून डोकं खुपसायचं. घरात ठेवावं तर टीव्हीची सर नाही, बाहेर न्यावं तर खिशात मावत नाही. शेजारच्याला काय चाललंय ते दिसत नाही. खेळणाऱ्याचे डोळे दुखायचे, मान अवघडायची आणि सात वर्षांखालच्या मुलांना देऊ नका असा इशारा खोक्यावरच. ट्रेनमधल्या कंटाळलेल्या माणसाला मांडीवर गुपचूप खेळता यावं म्हणून विचार करणाऱ्या माणसानं हे मशीन काढलं, यावर विश्वास बसत नाही. स्वस्त भागाची परीक्षा त्यानं बरोबर केली होती. खेळणारा माणूस बसणार कसा, हेच सुटलं.

त्यात निन्टेंडोला सगळी ताकद नव्या घरगुती मशीनकडं, निन्टेंडो ६४ कडं वळवायची घाई होती. जुलै १९९५ मध्ये जपानला आणि ऑगस्टमध्ये अमेरिकेत व्हर्च्युअल बॉय उतरवण्यात आला. वर्षभराच्या आत गाशा गुंडाळला. एकूण ७ लाख ७० हजारांच्या आसपास नग गेले, गेम आले फक्त २२.

त्याच वेळी गेमबॉयही म्हातारा झाल्याचं सगळे धरून चालले होते. पण फेब्रुवारी १९९६ मध्ये जपानमध्ये पोकेमॉन आला. सगळे प्राणी गोळा करायचे तर मित्राशी अदलाबदल करावीच लागणार आणि अदलाबदल करायची तर दोन गेमबॉय वायरनं जोडायला हवेत. सात वर्षांपूर्वीच्या मशीनची विक्री परत वर गेली. त्याच जुलैत योकोईनं गेमबॉय पॉकेट काढला. आकार छोटा, चित्र आधीपेक्षा स्वच्छ, चारऐवजी दोन बारके सेल.

ऑगस्ट १९९६ मध्ये, ३१ वर्षांच्या नोकरीनंतर त्यानं निन्टेंडो सोडली. जगभर चर्चा एकच की व्हर्च्युअल बॉयच्या अपयशामुळं त्याला जावं लागलं. योकोईनं स्वतः लेख लिहून ते नाकारलं. पन्नाशीनंतर स्वतःचं काहीतरी करायचं हे त्याच्या मनात आधीपासून होतं. हातात पडतं मशीन असताना जायचं नव्हतं म्हणून तो पॉकेटपर्यंत थांबला, असं तारखा बघून वाटतं.

क्योतोमध्येच त्यानं कोतो नावाची छोटी कंपनी काढली. गिऱ्हाईक म्हणून आली बांदाई. निन्टेंडोला खिशातल्या गेममध्ये टक्कर द्यायची होती बांदाईला, आणि त्यासाठी माणूस गाठला तो गेमबॉयवाला.

४ ऑक्टोबर १९९७. योकोई एका परिचिताच्या गाडीतून इशिकावा प्रांतातल्या होकुरिकू एक्सप्रेसवेवरून चालला होता. त्यांची गाडी पुढच्या ट्रकवर आदळली. अपघात तसा जीवघेणा नव्हता. गाडीचं किती नुकसान झालंय ते बघायला योकोई खाली उतरला आणि मागून आलेल्या दुसऱ्या गाडीनं त्याला उडवलं. साधारण दोन तासांनी त्याचा मृत्यू झाला. वय ५६.

बांदाईचं मशीन त्यानंतर दीड वर्षानं, ४ मार्च १९९९ ला जपानमध्ये आलं. नाव वंडरस्वान. तोपर्यंत निन्टेंडोनं रंगीत गेमबॉय काढला होता. वंडरस्वानची स्क्रीन काळी-पांढरी होती. मशीन आडवं धरून खेळता यायचं आणि उभं धरूनही. किंमत ४,८०० येन, आणि पेन्सिल सेल फक्त एक, तोही तीसेक तास जायचा. सोबतच्या पहिल्या गेमपैकी एक कोतोनं केलेला होता. तुटक रेषांचे तुकडे वरखाली सरकवत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग रेषा जोडायची, असा तो खेळ. त्याचं नाव योकोईच्या आठवणीत गनपे ठेवलं होतं.